मदत हवी आहे: ५.१ चे मागचे स्पीकर नक्की कुठे लावू? (उद्या ड्रिलवाला येतोय)

गडबडगुंडा:
लोकहो, पटकन सांगा. ५.१ सेट घेतलाय, रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा) वेगळा, पाच स्पीकर आणि सबवूफर (फक्त बेसचा डबा). पुस्तिकेत सोफ्याभोवती गोल काढून दाखवलाय, पण आमच्या हॉलमध्ये तो गोल काही बसत नाही. सध्या मागचे दोन सोफ्याच्या पाठीवर नुसते टेकवलेत, तर हिरो माझ्या मानेमागून बोलतो, पुढून काय बोलतात ते कळत नाही आणि आवाज वाढवला की मारामारीच्या सीनला घर हादरतं. उद्या सकाळी भोकं पाडायला माणूस येतोय. किती उंच आणि किती मागे एवढंच सांगा, थिअरी नको.

निवांत_श्रोता:
हॉल केवढा? सोफा भिंतीला चिकटून आहे का? दोन्ही बाजूंना भिंती आहेत का? हे न सांगता जागा कोण कशी सांगणार.

एकच_वायर:
सरळ परत करा आणि साउंडबार घ्या. मी घेतला, डोक्याला ताप नाही. पाच डबे आणि घरभर वायरींचं जाळं हवंय कुणाला.

ध्वनिवेडा:
@एकच_वायर, त्यांनी सेट घेऊन झालाय. प्रत्येक धाग्यावर साउंडबार काय!
धागाकर्ते, एक सांगा, हिरो मागून "पण" बोलतो की मागूनच बोलतो? आणि सेंटर, म्हणजे मधला स्पीकर कुठे ठेवलाय?

गडबडगुंडा:
हॉल १२ बाय १४, टीव्ही १२ फुटी भिंतीवर. सोफा समोरच्या भिंतीला चिकटून, आणखी कुठे असणार. डावीकडे मोठी काचेची खिडकी, उजवीकडे भिंतच नाही, तिथून पॅसेज जातो. सेंटर टीव्हीखालच्या युनिटमध्ये आत बसवलाय, दार लावलं की दिसत पण नाही, एकदम नीट. हिरो पुढून आणि मागून दोन्हीकडून बोलतो. आता सांगा उंची.

निवांत_श्रोता:
दार लावून???

ध्वनिवेडा:
अहो उंचीचं नंतर. बहुतेक संवाद सेंटरमधून येतात आणि तो तुम्ही कपाटात कोंडलाय. दार काढा निदान उघडं ठेवा, स्पीकर शेल्फच्या अगदी पुढच्या कडेला आणा म्हणजे आवाज फळीवर आपटून येणार नाही, आणि पुढून खाली रबराचा तुकडा सरकवून त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे वर करा. टीव्हीखालचा सेंटर सरळ ठेवला की तो तुमच्या गुडघ्यांशी बोलतो.
दुसरं, रिमोटवर साउंड मोड काय आहे ते बघा. संवाद मागूनही येतायत म्हणजे ऑल चॅनल स्टिरिओ किंवा तसलं काहीतरी चालू असणार. त्यात पाचही स्पीकर तेच ते वाजवतात, मग ते कुठेही लावा.

प्रोजेक्टरप्रेमी:
१२ फुटी भिंत आहे तर टीव्ही कशाला, १२० इंची पडदा आरामात बसेल. आवाज आरपार जाणारा पडदा मिळतो, सेंटर त्याच्या मागेच लावता येतो. त्यावरच एक धागा काढायचा विचार आहे.

जुनं_खोड:
मागचे स्पीकर कानापेक्षा दोन फूट वर. वर्षानुवर्षं असंच लावत आलोय. कानाच्या लेव्हलला लावले की जो कडेला बसतो त्याच्या कानात तो स्पीकर ओरडतो आणि बाकीच्यांना काही ऐकू येत नाही.

ध्वनिवेडा:
ते जुन्या काळी ठीक होतं. आता अ‍ॅटमॉस (डॉल्बीची छतातूनही आवाज देणारी पद्धत) आल्यापासून खालचे स्पीकर कानाच्या आसपासच ठेवायला सांगतात, नाहीतर छतातला आवाज आणि बाजूचा आवाज यात फरकच राहत नाही.

जुनं_खोड:
त्यांच्या छतात स्पीकर आहे का? नाही ना? मग अ‍ॅटमॉस मध्येच कुठून काढलं? माणसाकडे ५.१ आहे.

निवांत_श्रोता:
दोघंही थांबा जरा. बसल्यावर कान साधारण साडेतीन फुटांवर येतात, स्पीकर चार-साडेचार फुटांवर लावा, कुणाचंच बिघडत नाही. उंचीपेक्षा कोन महत्त्वाचा. समोर बघत बसल्यावर नाकासमोर शून्य धरा. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत पुढचे दोन ३० अंशांवर आणि बाजूचे १०० ते १२० अंशांवर आहेत, म्हणजे बाजूला आणि किंचित मागे. ५.१ चे "मागचे" स्पीकर खरे बाजूचेच असतात, पाठीमागून गार वारा सोडायला नसतात ते.
सोफा भिंतीला असेल तर मागे सरकायला जागाच नाही, अगदी दोन्ही बाजूंना ९० अंशांवर लावावे लागतील. तेही चालतं. पण सोफा दोन फूट पुढे येतो का? भिंतीला डोकं टेकून बसलं की बेस फुगतो, तुमचं घर हादरण्यात थोडा हात त्याचाही आहे.

गडबडगुंडा:
दोन फूट पुढे घेतला तर घरचे मलाच पॅसेजमध्ये झोपवतील. दीड फूट मॅनेज करतो. मोड बघितला, खरंच ऑल चॅनल स्टिरिओ होता, कोणी दाबलं देव जाणे. आता पुढून नीट ऐकू येतंय, पण मागून काहीच येत नाही!! बिघडला का?

ध्वनिवेडा:
बातम्या किंवा मालिका लावली असेल तर मागून काही येणारच नाही, त्यात बहुतेकदा आवाजाचे दोनच चॅनल असतात, डावा आणि उजवा. ५.१ मधला सिनेमा लावा. टीव्ही रिसीव्हरला कसा जोडलाय? टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये पीसीएम (टीव्हीनेच उलगडलेला आवाज) असेल तर ऑटो किंवा पासथ्रू (आवाज जसाच्या तसा रिसीव्हरला) करा, बरेच टीव्ही ऑप्टिकल वायरीवर किंवा साध्या एआरसीवर (एचडीएमआयमधून आवाज परत पाठवायची सोय) पीसीएममध्ये दोनच चॅनल पाठवतात. आणि रिसीव्हरमधला टेस्ट टोन वाजवून बघा, सर्र सर्र आवाज एकेका स्पीकरमधून फिरला की स्पीकर शाबूत.

वायरमन७:
लाल-काळ्या वायरी तपासल्या का? एखाद्या स्पीकरची उलटी लागली की बेस पातळ होतो आणि आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही. वायर जाड घ्या, जितकी जाड तितकी चांगली.

जुनं_खोड:
हॉलभराच्या अंतराला १६ गेज पुरे (आकडा लहान तितकी वायर जाड). जाड वायर काय स्पीकरला बांधून ठेवायचीय?

एकच_वायर:
साउंडबारला एवढे प्रश्न पडत नाहीत, एवढंच म्हणतो.

गडबडगुंडा:
टेस्ट टोन सगळीकडून आला. टीव्हीत पीसीएमच होतं, ऑटो केलं, सिनेमात पाऊस बाजूने पडतोय, भारी! आता बोला, ड्रिल कुठे मारू? उजवीकडे तर भिंतच नाही.

निवांत_श्रोता:
उजवीकडे स्टँड, ड्रिलचा प्रश्नच नाही. डावीकडे खिडकी सोफ्यापर्यंत येते का? येत असेल तर तिकडेही स्टँडच, आणि सिनेमाच्या वेळी जाड पडदा ओढून घ्या, काच आवाज फेकते. दोन्ही स्पीकर डोक्याच्या रेषेपासून फूट-दीड फूट मागे. पुढचे दोन एकमेकांपासून नऊ फुटांवर ठेवले तर सोफा पुढे आल्यावर साधारण २२ अंश मिळतील, ३० नाही होणार पण डॉल्बी २२ ते ३० सांगतं, त्यात बसतंय.
मग टेपने प्रत्येक स्पीकर ते तुमचं डोकं मोजा आणि तो आकडा रिसीव्हरमध्ये भरा. आवाजाला एक फूट कापायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो, जवळचा स्पीकर किती उशिरा वाजवायचा ते रिसीव्हर त्यावरून ठरवतो. सगळे स्पीकर "स्मॉल" आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बेस सबवूफरकडे जातो. सबवूफर मात्र कोपऱ्यात असेल तर तिथून काढा.

गडबडगुंडा:
सब काढून कुठे ठेवू पण?

जुनं_खोड:
सब सोफ्यावर ठेव तुझ्या जागी, एखादं बेसवालं गाणं लाव आणि पुढच्या भिंतीच्या कडेने रांगत जा. जिथे बेस फुगत नाही आणि गायबही होत नाही, तिथे सब. बघणारे हसतील, हसू दे. आणि ड्रिलवाल्याला पुढच्या आठवड्यात बोलव.

गडबडगुंडा:
त्याला आत्ताच मेसेज टाकला. उजव्या स्टँडची वायर पॅसेजमधून आडवी जाणार, त्याचं काय?

वायरमन७:
चपटी वायर मिळते, सतरंजीखालून घ्या, नाहीतर पुढच्या भिंतीच्या पट्टीवरून सोफ्यामागून फिरवून आणा. लांब पडेल पण पायात येणार नाही. त्या लांबीला १४ गेज घ्या, जुनं खोड काय म्हणेल ते म्हणू दे.

प्रोजेक्टरप्रेमी:
पडद्याचं काय ठरलं मग?