दमणला गेल्यावर पोराला ‘एक घोट’ द्यायचा का?

मांजलपूरचा बाप: दिवाळीत सहकुटुंब दमणला जातोय, तिथे दारूबंदी नाही. मेव्हणा म्हणतो, भाचा दहावीत आहे, आपल्यासमोर घोटभर बिअर घेऊ दे, म्हणजे बाहेर चोरून पिणार नाही. माझा साफ नकार. पण खरा घोळ आपल्या बडोद्यातल्या घरांत आहे. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी, म्हणून आईबाप धरून चालतात की हा विषय सरकारने परस्पर मिटवला. आमच्या गल्लीत बाप कडी लावून बसतो आणि बर्फ, खारे शेंगदाणे आणायला पोरालाच धाडतो. त्या पोराशी दारूबद्दल कुठल्या तोंडाने बोलणार?

रावपुऱ्याचा मामा: साहेब, तो मेव्हणा मीच समजा. बंदी आहे म्हणूनच घरी शिकवायचं. पोरगं कॉलेजात गेलं की खेपिया, म्हणजे चोरटी दारू पोचवणारा, एका फोनवर हजर. बाटलीत काय भरलंय देव जाणे. २०२२ चं बोटादचं लठ्ठाकांड, म्हणजे विषारी दारूचं प्रकरण, विसरलात? मिथेनॉलने चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यापेक्षा आपल्या नजरेसमोर, चांगल्या दुकानातली, थोडीशी.

मांजलपूरचा बाप: लठ्ठ्याची भीती खरी आहे, ती भाच्याला जरूर सांगा. पण घोट पाजल्याने ती टळते कशी? ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला, २०१८ मध्ये निष्कर्ष आले. आईबापांनी दारू दिल्याने मुलं सावरली असं काही दिसलं नाही. उलट अशी मुलं पुढे बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढली. शिवाय बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ : अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. त्यात मामाला सूट नाही. दमणलाही नाही.

दांडिया बाजारचे मास्तर (निवृत्त): एवढा खल कशाला? रोज दप्तराची झडती घ्यायची, मोबाईल बघायचा, गरब्याहून बाराच्या आत घरात. धाक हवा.

औषधवाली ताई: मास्तर, दप्तरात शोधणार काय, बाटली? व्हाईटनर तर कंपासपेटीत असतोच. पंक्चरचं सोल्युशन, खोकल्याचं औषध, यांचा कुणाला संशय येतो? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के निघालं, मोठ्यांत ०.५८. बाकी कुठल्याच नशेत मुलं मोठ्यांच्या पुढे नव्हती. वेळेचं बंधन मलाही मान्य आहे हं, पण गरब्याला कुणाबरोबर गेलाय, त्या मित्राच्या आईचा नंबर तुमच्याकडे आहे का, हातखर्च अचानक का वाढला, हे झडतीत कळत नाही. रोज जेवताना गप्पा असतील तरच कळतं.

मास्तर: आणि सापडलं तर? आरती ओवाळायची?

औषधवाली ताई: आरती नको, थोबाडीतही नको. नशेत असेल तर त्या रात्री वाद घालू नका, शुद्ध नीट नसेल तर सरळ दवाखाना. एरवी सकाळी बसून विचारा : काय, कुणी दिलं, किती दिवस. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन फुकट आहे. लोक ‘समाजात बोभाटा होईल’ म्हणून गप्प बसतात आणि महिने घालवतात.

रावपुऱ्याचा मामा: बरं, कलम ७७ पुढे आपलं काही चालत नाही, घोट रद्द. पण मी तर घेणार. भाच्याने विचारलं तर?

मांजलपूरचा बाप: खरं सांगा. मी घेतो, तुला देणार नाही, आणि घेतल्यावर गाडीला हात लावणार नाही.

मास्तर: हे मला अजिबात पटलेलं नाही. हातात ग्लास धरून कसला उपदेश? मामांनी तीन दिवस नाही घेतली तर दमणचा समुद्र आटणार आहे का?