सरकारी प्राथमिक शाळांची तुलना नक्की कशावरून करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लेक पुढच्या वर्षी पहिलीत जाणार. सरकारी शाळेतच घालायचं हे ठरलंय, त्यामुळे 'खासगीत का नाही' हा विषय प्लीज नको. शहर मोठं आहे, जाऊन-येऊन जमेल अशा दोन-तीन शाळा आहेत, आणि सगळ्या एकाच खात्याच्या असून कागदावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

नवऱ्याचं सोप्पंय, ज्या शाळेचा निकाल चांगला ती घ्यायची. मला नाही पटत. अमेरिकेत १९६६ सालीच कोलमन रिपोर्टमध्ये (शाळांच्या मोठ्या सरकारी पाहणीच्या अहवालात) आलं होतं की मुलांच्या मार्कांतला बराचसा फरक घरच्या परिस्थितीशी जोडलेला असतो, मग सुखवस्तू वस्तीतल्या शाळेच्या निकालात शाळेचं कर्तृत्व किती आणि घरच्या शिकवणीचं किती हे ओळखायचं कसं? मला बघायचंय ते तीच मुलं दुसरीत कुठे होती आणि चौथीत कुठे पोचली. असा आकडा कोणी मिळवलाय का, आणि कुठे मागायचा?

दुसरा घोळ लहान शाळेचा. इयत्तेत जेमतेम पंधरा-वीस पोरं, त्यातली दोन हुशार सोडून गेली की टक्केवारी धाडकन खाली. म्हणून तीन-चार वर्षांचे निकाल एकत्र धरावेत असं मला वाटतं, चूक असेल तर सांगा.

पटसंख्येचंही तसंच. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून स्टार नावाचा प्रयोग झाला, त्यात मुलं आणि शिक्षक चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखे वर्गांत वाटले होते, आणि १३ ते १७ मुलांच्या वर्गातली पोरं २२ ते २५ वाल्यांपेक्षा वाचन-गणितात पुढे निघाली. म्हणून मी खूश होते, पण लहान शाळेत कधीकधी एकच बाई दोन इयत्ता सांभाळतात म्हणे, मग त्या कमी पटाचा उपयोग काय! शिवाय कागदावरच्या विद्यार्थी-शिक्षक प्रमाणात ज्यांच्याकडे स्वतःचा वर्गच नाही असे शिक्षकही मोजलेले असू शकतात, त्यामुळे वर्गात डोकी मोजणंच बरं.

आता शाळा बघायला जायचंय. शिक्षक किती टिकतात, रिकाम्या जागा किती, मागे पडलेल्या मुलाचं काय करतात, एवढं विचारणार आहे. मुख्याध्यापकांना न दुखावता हे कसं विचारायचं, आणि अजून काय बघू? ज्यांची मुलं सरकारी शाळेत आहेत त्यांनी आधी लिहा.