बोंडअळीने ‘सवय’ लावून घेतली का?

‘उत्क्रांती कोणी डोळ्यांनी पाहिली आहे का?’ हा प्रश्न नागपुरात बसून वाचताना मला जीवाश्मांच्या आधी गुलाबी बोंडअळी आठवली. बोंडअळीला मारणारे विषारी प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली, २००६ मध्ये दोन विषारी प्रथिने असलेले वाण आले आणि तरीही २०१७ च्या हंगामात विदर्भातील बोंडे याच अळीने पोखरली. अळीला विषाची ‘सवय’ झाली, असे सर्रास म्हटले जाते. ते मला चुकीचे वाटते. ज्या थोड्या अळ्यांमध्ये विष सोसू देणारा जनुकीय बदल योगायोगाने होता त्या जगल्या, बाकीच्या मेल्या, आणि पिढ्यानपिढ्या त्या जनुकाचे प्रमाण वाढत गेले. बीटीभोवती साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा नियम याच तर्कावर बेतलेला होता : तिथल्या, विष न सोसणाऱ्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक (विष सोसणाऱ्या) पतंगांशी जुगावेत आणि तो गुण विरळ राहावा. (नियम कितपत पाळला गेला, हे कुठल्याही कास्तकाराला विचारावे.) हिरव्या बोंडअळीला तूर, हरभराही चालतो, त्यामुळे बीटीबाहेरही तिची प्रजा टिकते; गुलाबी अळी मात्र जवळजवळ फक्त कापसावरच जगते, म्हणून तिच्यावर निवडीचा दाब कितीतरी अधिक पडला.