आयर्लंडची संगीत-सहल: रात्री मोकळ्या ठेवा

आयर्लंडच्या संगीतासाठी ग्रुप टूर घ्यावी की आपलं आपण जावं, हा प्रश्न पडतोच. आम्ही ग्रुपबरोबर गेलो होतो. हॉटेल, जेवण, मोहेरचे समुद्रकडे, सगळं व्यवस्थित. फक्त रोज रात्री नऊला बस परत! डूलिन गावच्या पबमध्ये वादनाचं सेशन रंगायला लागतं तेच मुळी साडेनऊनंतर. त्यामुळे बुकिंगआधी एवढं नक्की विचारा, की संध्याकाळ कुठे आणि किती वाजेपर्यंत.

सेशन म्हणजे कार्यक्रम नव्हे. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल (व्हायोलिन), बासरी, कॉन्सर्टिना (हातातली छोटी भात्याची पेटी) घेऊन पाच-सहा जण बसतात. एक जण चाल धरतो, बाकीचे मागाहून शिरतात, आणि एका रीलमधून (जलद नाचाच्या चालीतून) दुसरी कधी सुरू झाली ते कळतही नाही. मला गावच्या भजनाची बैठक आठवली. मात्र टेबलावर ठेका धरू नका. मी धरला, तर बाउरान (डफासारखं वाद्य) वाजवणाऱ्या आजोबांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. पुरे झालं.

इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, बघायला मिळाल्या तर अगदी जवळून बघा. तोंडाने फुंकायच्या नाहीत. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या काखेत पिशवी. 2017 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत हे वादन आलं.

जुलैत जमत असेल तर क्लेअर काउंटीतलं मिलटाउन मॅलबे गाठा. तिथे 1973 पासून इलन पाइप्सवादक विली क्लॅन्सी यांच्या नावाचं समर स्कूल, म्हणजे पारंपरिक संगीताची उन्हाळी शाळा, भरतं. आणि हो, शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, वेगळा काढावा लागतो.