मदत हवी आहे : पाच सीडींचा चेंजर अडखळतो

माझ्याकडे फिरत्या थाळीत ५ सीडी बसणारा, सुमारे २० वर्षांपूर्वी घेतलेला घरगुती चेंजर (सीडी आपोआप बदलून वाजवणारे यंत्र) असून, गेल्या पावसाळ्यापासून त्याची थाळी अर्ध्यावर अडकते आणि हाताने किंचित ढकलल्यावरच पुढे सरकते. आतला रबरी पट्टा सैल पडून घसरत असावा, असा माझा अंदाज आहे. शिवाय छापील सीडी व्यवस्थित वाजतात, परंतु संगणकावर घरी लिहिलेल्या सीडी, ज्यांवरून लेसरचा प्रकाश तुलनेने कमी परावर्तित होतो, त्या मात्र वाचल्याच जात नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिंग पुसूनही फरक पडला नाही. दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच नवे घेण्याचा सल्ला दिला, जो मला पटलेला नाही. जुना पट्टा ताणला गेलेला असताना नव्याचे माप कसे ठरवावे आणि लेसर युनिट बदलण्यापूर्वी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.