जाहिरातीच्या संगीताचे डेमो एकामागून एक नाकारले जात आहेत. जाणकारांची मदत हवी आहे

तीव्रमध्यम
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढते. विषय पोटापाण्याचाही आहे आणि मनाला लागलेलाही, त्यामुळे थोडं लांबेल. सांभाळून घ्या.

मी ठाण्यात, वर्तकनगरला राहते. आधी एका स्टुडिओत असिस्टंट होते, गेली तीन वर्षं स्वतःचं काम करते. एकांकिकांचं पार्श्वसंगीत, शाळांची स्नेहसंमेलनं, एका मालिकेसाठी तुकडे असं चालू असतं. पण मनापासून करायचंय ते जाहिरातींचं संगीत. तीस सेकंदांत एक अख्खी गोष्ट सुरांत बसवायची, हे मला लहानपणापासून जादूसारखं वाटत आलंय.

गेल्या १४ महिन्यांत मी २३ पिच केल्या. लागल्या २, त्यातली एक रेडिओची, १० सेकंदांची.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एजन्सी किंवा प्रॉडक्शन हाउस एकच ब्रीफ, म्हणजे काय हवंय त्याचं टिपण, तीन-चार संगीतकारांना पाठवतं. सोबत फिल्मचा कच्चा एडिट असतो आणि त्यावर कुठलं तरी गाजलेलं संगीत रेफरन्स म्हणून आधीच चढवलेलं असतं. आपण दोन दिवसांत, कधी एका रात्रीत, स्क्रॅच म्हणजे कच्चा डेमो करून द्यायचा. निवड झाली तर काम आपलं. नाही झाली तर माझ्या अनुभवात पैसे नाहीत, आणि बहुतेक वेळा उत्तरही नाही.

फेब्रुवारीतली एक पिच सांगते, कारण तिच्यानंतर माझं हार्मोनियमवरून लक्षच उडालंय. मसाल्याची फिल्म होती. ब्रीफमध्ये लिहिलं होतं की महाराष्ट्रीयन फील हवा पण फार मराठी नको, आणि फ्रेश हवं पण आधी ऐकल्यासारखं वाटलं पाहिजे. पुष्कळ जण अशा वाक्यांना हसतात. मी ते वहीत लिहून घेतलं आणि अख्खी संध्याकाळ त्याच्यावर घालवली, कारण त्यामागे त्यांना खरंच काहीतरी हवं असणार.

नौपाड्यात माझ्या मावशीकडे आजीचा लोखंडी खलबत्ता आहे. रात्री रस्ता शांत झाल्यावर, अकराच्या पुढे, तिच्या स्वयंपाकघरात फ्रीज बंद करून मी तो रेकॉर्ड केला. मावशी कुटत होती, मी ओट्याशेजारी माइक धरून उभी. तेव्हा लक्षात आलं की धणे, लवंग, दालचिनी अख्खी असते तोवर बत्ता खणखणतो. मसाला बारीक होत जातो तसा आवाज बसत जातो आणि शेवटी नुसता धप्प धप्प उरतो. फिल्मही अख्ख्या मसाल्यापासून सुरू होऊन पुडीवर संपत होती. म्हणून मी सगळा ठेका त्या खलबत्त्यावर उभा केला, खणखणीपासून बसक्या आवाजापर्यंत. वर मावशीच्याच गुणगुणण्यावरून सुचलेली चार ओळींची चाल. डमी व्होकल मीच गायले. पहाटे चारला फाइल पाठवली तेव्हा खात्री होती की इतकं चांगलं मी आजवर केलेलं नाही.

सकाळी निरोप आला, "लव्हली, कळवतो." मग नऊ दिवस काहीच नाही. मी विचारलं तेव्हा एका ओळीचं उत्तर: "क्लायंटनी दुसरा ऑप्शन घेतला." महिन्याभराने बाबा टीव्हीवर मॅच बघत असताना ती जाहिरात लागली. मी आतल्या खोलीतून ओळखली. संगीत जवळजवळ त्या रेफरन्ससारखंच होतं.

मला नकार पचत नाही असं नाही. नाटकवाल्यांबरोबर काम केलंय, तालमीत तोंडावर "हे नको" ऐकायची सवय आहे. पण तिथे "नको"च्या पाठोपाठ "का" येतं. इथे २१ वेळा नकार आला आणि त्यातून मी एक अक्षर शिकले नाही. आता माझीच चाल ऐकते तेव्हा ती चांगली आहे की वाईट, हेच मला कळेनासं झालंय. भीती वाटते ती याची.

तर विचारायचं असं: कारण कळावं म्हणून कोणाला, कसं विचारायचं, म्हणजे पुढची कामं तुटणार नाहीत? रेफरन्सच्या जवळ जायचं की स्वतःचं द्यायचं? फुकट डेमो कुठवर द्यावेत? आणि ती खलबत्त्याची चाल मी दुसरीकडे वापरू शकते का?

खाडीपूल
ताई, मी कोपरखैरण्याहून. गाणी लिहितो, जिंगलचे शब्दही. "कळवतो" म्हणून न कळवणारे मलाही पाठ झालेत. उत्तर माझ्याकडे नाही, पण खलबत्त्याचं वाचून अंगावर काटा आला. चाल टाकून देऊ नका.

कट_टू_कट
मी पलीकडच्या बाजूला आहे. एजन्सीत फिल्म प्रोड्यूसर, अकरा वर्षं. तुम्हाला उत्तर न देणाऱ्यांत मीही कधीतरी असेन, त्याबद्दल आधी माफी मागतो. आता खोलीत काय होतं ते सांगतो.

तुमचा डेमो पोहोचतो तोपर्यंत एडिटर, दिग्दर्शक आणि क्लायंट यांनी ती फिल्म रेफरन्ससकट पन्नासएक वेळा पाहिलेली असते. कानाला त्याची सवय झालेली असते. कट त्या संगीताच्या ठोक्यावर पडलेले असतात. मग नवीन काहीही लावलं की पहिल्या फटक्यात ते चुकल्यासारखंच वाटतं. तुमच्या मसाल्याच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं. म्हणून दोन पर्याय द्या. एक रेफरन्सच्या चालण्याशी जुळणारा, म्हणजे लय आणि चढउतार तसे, चाल मात्र पूर्ण तुमची. दुसरा तुमच्या मनातला. पहिल्यामुळे खोलीतले लोक निर्धास्त होतात आणि दुसरा कान देऊन ऐकतात. चालच रेफरन्ससारखी करण्याच्या फंदात पडू नका, उद्या वाद झाला तर निस्तरायला तुम्ही एकट्या असाल.

डेमो नुसत्या ऑडिओ फाइलमध्ये पाठवू नका. फिल्मवर लावून, व्हिडिओ म्हणून द्या. आमच्याकडे कोणीतरी घाईघाईत फाइल एडिटवर टाकतं, ती अर्धा सेकंद पुढे-मागे बसते आणि तुमचा सगळा हिशोब कोसळतो.

आणखी एक. आमच्या खोलीत मोठे स्पीकर नसतात. लॅपटॉप उघडतात आणि टेबलावर ठेवतात, बाहेरगावचा क्लायंट फोनवर ऐकतो. अशा स्पीकरवर खालचे आवाज जवळपास येतच नाहीत. तुमचा तो बसका धप्प धप्प तिथे ऐकू तरी आला असेल का, हे तपासा.

कारण विचारायचं तर मेसेज करू नका, फोन करा. निकालानंतर आठवड्याभराने, दुपारी. "फीडबॅक द्या" असं मोघम विचारलं की माणूस गोड बोलून सुटतो. नेमकं विचारा: लय, आवाज, शब्द, यातलं कशावर अडलं? क्रिएटिव्ह डायरेक्टरला नको, असिस्टंट प्रोड्यूसरला विचारा. तो खोलीत होता, त्याला आठवत असतं आणि त्याला तुमच्याशी बोलायला वेळही असतो.

तिसरी_घंटा
मी वाजवणारा माणूस, जिंगलच्या सेशनला ढोलकी-दिमडी घेऊन खूप फिरलो. ठाण्याहून पहाटेची लोकल पकडून ताडदेवपर्यंत. तेव्हा मेट्रो नव्हती न काही नव्हतं.

पोरी, लय किती धरली होतीस? विचारतो अशासाठी की मिनिटाला १२० ठोके धरलेस तर चार ठोक्यांचा एक बार दोन सेकंदांचा होतो, आणि ३० सेकंदांत १५ बार बसतात. चार-चार बारच्या ओळी केल्यास की शेवटची ओळ लंगडी पडते. ९६ धर. बार अडीच सेकंदांचा होईल. ३० सेकंदांत बरोबर १२ बार, २० सेकंदांत ८, १० सेकंदांत ४. क्लायंट पुढे छोट्या आवृत्त्या मागणारच, तेव्हा चाल कुठेही न तुटता कापता येते. तीन ओळी चार-चार बारच्या, आणि शेवटच्या बारमध्ये नावाला मोकळी जागा सोड.

आणि नकाराचं म्हणशील तर आपल्या अशोक पत्कींची ती राष्ट्रीय एकात्मतेची चाल आठव, १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलेली. "मिले सुर मेरा तुम्हारा". त्याचे शब्द पीयूष पांडे यांचे. त्यांचे १७ मसुदे परत गेले होते, १८वा घेतला. पण तिथे नाही म्हणणारा माणूस त्यांच्याच ऑफिसात होता आणि दर वेळी समोर होता, हेही ध्यानात घे. तू म्हणतेस ते दुखणं खरं आहे, १७ नकारही माणूस सोसतो जर समोर कोणी असेल तर.

तीव्रमध्यम
काका, लय १२०च होती, रेफरन्सची तीच होती म्हणून. आणि शेवटची ओळ मी खरंच तीन बारमध्ये कोंबली होती. कोणाला न सांगता तुम्हाला कळलं, हे वाचून आधी हसू आलं आणि मग रडू.

दस्तऐवज
हक्कांबद्दल लिहितो, तेवढंच माझं क्षेत्र. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ नुसार चालीचा पहिला मालक ती करणारा. तुम्ही कोणाच्या नोकरीत नव्हता, डेमोचे पैसे घेतले नाहीत, कशावर सही केली नाही, तर चाल तुमचीच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते.

फक्त ब्रीफसोबत आलेली ईमेल आणि गोपनीयतेचा करार पुन्हा वाचा. काही ठिकाणी "सादर केलेलं सर्व साहित्य आमचं" असं वाक्य असतं, आणि त्याखाली सही असेल तर गोष्ट वेगळी. फिल्ममधलं काहीही, ब्रँडचं नाव, त्यांची कॅचलाइन, दुसरीकडे वापरू नका. ते शब्द काढून चाल खुशाल वापरा.

जी २ कामं लागली त्यांचे करारही बघा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकार यांना रॉयल्टीतल्या वाट्याचं बरंच संरक्षण आलं आहे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घेतलं नसेल तर चौकशी करा.

खाडीपूल
फुकट डेमोचं कोणी बोललं नाही. मी अलीकडे पहिल्यांदा काम करतो त्यांना एक डेमो विनामूल्य देतो आणि दुसऱ्यापासून डेमो फी मागतो, भले छोटी असो. चारपैकी दोघे देतात. न देणाऱ्यांचा निर्णय मग लवकर कळतो.

कट_टू_कट
+१. आमच्याकडे डेमो फीचं बजेट अनेकदा असतं, मागणाऱ्याला मिळतं. गायिका बाहेरची घेतली असेल तर तिचे पैसे तरी मागाच.

तीव्रमध्यम
सगळ्यांचे खूप आभार. चार दिवसांनी लिहिते आहे, कारण सांगितलेलं करून बघायचं होतं.

आधी डेमो आईच्या फोनवर लावला आणि फोन ओट्यावर ठेवला. सुरुवातीची खणखण आली. बारा-तेरा सेकंदांनंतर ठेकाच नाहीसा झाला. नुसता माझा आवाज, खाली काही नाही. आई म्हणाली, "मध्येच बंद पडलं का गं?" ज्या बसक्या आवाजावर मी सगळी गोष्ट उभी केली होती तो त्या खोलीत कोणाला बहुधा ऐकूच गेला नव्हता. इतके महिने मी माझ्या चालीवर संशय घेत होते.

मग दुपारी असिस्टंट प्रोड्यूसरला फोन केला. हात गार पडले होते. नेमकं विचारलं, लय की आवाज की शब्द. तो लगेच म्हणाला, "शेवटच्या सहा सेकंदांत व्हीओला, म्हणजे निवेदनाच्या आवाजाला, जागाच नव्हती. नाव येतं तिथे तुमची चाल सगळ्यात भरलेली होती." आणि पुढे म्हणाला की सुरुवात दिग्दर्शकाला खूप आवडली होती, त्याने दोनदा लावून घेतली. हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. २१ नकारांमधलं पहिलं कारण मला काल दुपारी तीन वाजता मिळालं. फोन ठेवल्यावर मी मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारल्या.

गोपनीयतेचा करार काढून वाचला, तसं वाक्य नाही. चाल माझी आहे. ९६ वर नव्याने बांधते आहे, शेवटचा बार मोकळा ठेवून. बसक्या आवाजाला वरून काहीतरी किरकिरतं जोडायला हवं, म्हणजे फोनवरही ठेका कळेल. खलबत्त्याच्या पुढचा आवाज म्हणून पाटा-वरवंटा डोक्यात आहे, दगडावर दगड घासल्याचा. मावशीकडचा पाटा कधीच गेला. ठाण्यात कोणाकडे वापरातला पाटा असेल आणि तासभर रेकॉर्डिंग करू देणार असाल तर कृपया कळवा. माइक, केबल सगळं मी आणीन.

उंबरठा
आजवर नुसती वाचत होते. आमच्याकडे आहे, चरईत, तळमजल्यावर. सासूबाई दर रविवारी सकाळी ओल्या खोबऱ्याचं वाटण पाट्यावरच करतात. त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या की साडेआठच्या आत या, नंतर समोरच्या शाळेच्या मैदानात मुलं खेळायला येतात. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.