राज्यसेवा आणि संयुक्त परीक्षा : जुनी पुस्तके किती ठेवावीत, नवी कोणती घ्यावीत?

नवपदवीधर
नमस्कार. नोकरी सांभाळून राज्यसेवा परीक्षेची आणि जोडीला अराजपत्रित गट-ब संयुक्त परीक्षेची तयारी सुरू करत आहे. एका नातेवाइकांनी त्यांच्या तयारीच्या काळातील पुस्तकांचा मोठा संच दिला असून त्यातील बहुतेक आवृत्त्या २०१८ ते २०२१ या काळातील आहेत. त्याशिवाय एका क्लासच्या छायांकित नोट्स आहेत आणि मोबाइलवर न उघडलेल्या पीडीएफचा ढीग साठला आहे. यांतील काय ठेवावे, काय बाजूला काढावे आणि नव्याने काय विकत घ्यावे, हे ठरवण्याची काही रीत आहे का? प्रत्येक विषयाला तीन-तीन पुस्तके वाचण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

दक्खनवाचक
विषय किती लवकर जुना होतो, हे पाहून छाटणी करावी. प्राचीन व मध्ययुगीन इतिहास, प्राकृतिक भूगोल, मराठी व्याकरण आणि अंकगणित यांची जुनी पुस्तके निःशंकपणे ठेवावीत. राज्यव्यवस्थेचे पुस्तक जुने असेल, तर आधी दोन-तीन ठिकाणी उघडून पाहावे. २६ जानेवारी २०२० पासून देशात २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. महिला आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मधील आहे आणि भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तुमच्या संचातील पुस्तकांत शेवटच्या दोन गोष्टी असणे शक्यच नाही. मात्र तेवढ्यासाठी पूर्ण पुस्तक टाकून देण्याचे कारण नाही, कारण मूलभूत हक्क, राज्यपालांचे अधिकार, पंचायत राज हा गाभा तोच राहिला आहे. समासात दुरुस्त्या लिहून ते वापरता येईल. महाराष्ट्राच्या भूगोलाच्या पुस्तकातही छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही जिल्ह्यांची बदललेली नावे स्वतः लिहून घ्यावी लागतील.

अर्थव्यवस्थेच्या बाबतीत मात्र मी इतका उदार होणार नाही. संकल्पनांची प्रकरणे ठेवून आकडेवारीची सर्व प्रकरणे बंद करावीत. राज्याचे आकडे महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीतून घ्यावेत. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी प्रसिद्ध करते आणि ती विनामूल्य मिळते. चालू घडामोडींची जुनी वार्षिके तर रद्दीतच घालावीत.

पायाभूत वाचनासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उपलब्ध आहेत. एक सावधगिरी बाळगावी : भूगोलाचे दहावीचे पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर बेतलेले आहे. त्यामुळे ‘पाठ्यपुस्तके वाचा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला महाराष्ट्राच्या भूगोलासाठी अपुरा ठरतो आणि तेथे स्वतंत्र संदर्भपुस्तक लागतेच.

रात्रपाळी
दक्खनवाचक यांचे म्हणणे पटते, परंतु क्रम उलटा असावा असे मला वाटते. पुस्तकांना हात लावण्यापूर्वी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रम आणि मागील प्रश्नपत्रिका उतरवून घ्याव्यात. एखाद्या प्रकरणावर वर्षानुवर्षे प्रश्नच आलेला नसेल, तर त्याची आवृत्ती नवी आहे की जुनी, हा प्रश्नच गौण ठरतो. बाजारातील प्रश्नसंचांपेक्षा मूळ प्रश्नपत्रिका बऱ्या, कारण आयोग पहिल्या उत्तरतालिकेवर हरकती मागवतो आणि अंतिम उत्तरतालिकेत काही उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. घाईने छापलेल्या संचांत पहिलीच उत्तरे राहून गेलेली असू शकतात. चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होणाऱ्या परीक्षेत चुकीची माहिती पक्की होणे महागात पडते.

तुमच्या संचात राज्यसेवा मुख्य परीक्षेची पुस्तके असतील, तर ती वस्तुनिष्ठ पद्धतीसाठी लिहिलेली असणार. वर्णनात्मक पद्धत २०२३ पासून येणार होती. उमेदवारांच्या आंदोलनानंतर ती पुढे ढकलली गेली आणि २०२५ पासून लागू झाली. आता लेखी परीक्षा १७५० गुणांची आहे : निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार प्रश्नपत्रिका आणि वैकल्पिक विषयाच्या दोन, प्रत्येकी २५० गुणांच्या, मराठी आणि इंग्रजी या भाषा केवळ पात्रतेपुरत्या. एकोळी तथ्यांनी भरलेल्या त्या जाड पुस्तकांतून येथे उत्तर उभे राहत नाही. रचना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर असल्याने त्यांच्या मुख्य परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सरावाला उपयोगी पडतात. वैकल्पिक विषय निश्चित होईपर्यंत त्याचे एकही पुस्तक विकत घेऊ नये.

नवपदवीधर
दोघांचेही आभार. दोन शंका उरतात. संयुक्त परीक्षेसाठी वेगळी पुस्तके घ्यावी लागतील का? आणि मराठीतून उत्तरे लिहायची असतील, तर इंग्रजी पुस्तके वाचणे कितपत योग्य?

समासटीप
संयुक्त पूर्व परीक्षेत एका तासात १०० प्रश्न सोडवायचे असतात, तर राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत तितक्याच प्रश्नांना दोन तास मिळतात. वाचायचे पुस्तक दोन्हींसाठी एकच चालते. घड्याळ लावून सोडवायचे सराव संच मात्र वेगळे हवेत. राज्यसेवेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत ३३ टक्के गुण मिळवणे पुरेसे असल्याने, आकलन आणि गणित बरे असेल तर तिच्यासाठी मागील प्रश्नपत्रिकांपलीकडे काही घेऊ नये.

माध्यमाविषयी सांगायचे, तर इंग्रजीत वाचून मराठीत लिहिणारे पुष्कळ आहेत, परंतु त्यांची अडचण परीक्षेच्या दालनात कळते : मुद्दा आठवतो आणि वाक्य जुळत नाही. म्हणून इंग्रजी पुस्तक वाचले तरी टिपणे पहिल्या दिवसापासून मराठीतच काढावीत. संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि विषयाच्या विस्तारासाठी मराठी विश्वकोश हाताशी असावा. दोन्ही आंतरजालावर पाहता येतात. छायांकित नोट्सबद्दल माझे मत कठोर आहे. त्या दुसऱ्याने स्वतःला आठवण राहावी म्हणून लिहिलेल्या असतात, त्यामुळे मूळ पुस्तक न वाचलेल्याला त्यांतले अर्धे संदर्भ लागत नाहीत.

दक्खनवाचक
एक भर घालतो. वर्णनात्मक उत्तरांची चाचणीमाला घ्यायची असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तपासलेल्या उत्तरपत्रिकेचा नमुना मागून घ्यावा. समासात केवळ गुण आणि ‘चांगला प्रयत्न’ असा शेरा असेल तर ती घेऊ नये. कोणता मुद्दा सुटला आणि प्रश्नाचा कोणता भाग अनुत्तरित राहिला, हे तपासनीसाने लिहिलेले असले पाहिजे.